अंदाजवही

आमच्या घरच्या लोखंडी कपाटातल्या वरच्या खणात सातबाऱ्याचे उतारे आहेत, पीकविम्याच्या पावत्या आहेत, आजीची चांदीची कुंकवाची डबी आहे, आणि या सगळ्यांना टेकून एक लाल वही बसलेली आहे. हातभर लांब, वीतभर रुंद. लाल कापडाची बांधणी, कडेला पांढऱ्या दोऱ्याची शिवण, गुंडाळून बांधायला एक लांब दोरी. उघडली की अजूनही सरकीचा मंद, तेलकट वास येतो. पहिल्या पानावर कुंकवाचं स्वस्तिक आहे, वर ‘श्री’ आहे, आणि त्याखाली माझ्या शाळकरी अक्षरात लिहिलं आहे: ‘फायनल फँटसी सात, नवा. दि. 16 जून 2015 पासून.’

घरात तिला सगळे अंदाजवही म्हणतात.

बाबा यवतमाळच्या एका जिनिंगमध्ये दिवाणजी होते. हंगामात काट्यावर कापसाच्या गाड्यांची रांग लागायची आणि बाबांचा दिवस वह्यांमध्ये जायचा. दिवाळीत नव्या वह्या आणायच्या, लक्ष्मीपूजनाला मांडायच्या, पाडव्याला पहिली नोंद करायची, असा रिवाज. एका वर्षी वह्या आल्या, पूजा झाली, आणि त्याच हंगामात हिशोब संगणकावर गेला. पूजलेली वही रद्दीत देत नाहीत. कोरी ठेवणंही बाबांना बरं वाटेना. म्हणून त्यांनी एक वही घरी आणली आणि “कामात येईल” म्हणून कपाटात ठेवली. तिच्या जन्मपत्रिकेत क्विंटल, आडत आणि हमाली लिहिलेली होती. तिच्या वाट्याला आलं ते जपानमध्ये तयार होणाऱ्या एका गेमची वाट पाहणं.

तो गेम आम्हाला आधीपासून माहीत होता. मूळचा ‘फायनल फँटसी सात’ 31 जानेवारी 1997 ला जपानमध्ये प्लेस्टेशनवर आला, तीन सीडींवर. आमच्यापर्यंत तो खूप उशिरा पोचला. शेजारच्या दादाच्या जुन्या संगणकावर, मे महिन्याच्या सुट्टीत, कूलरसमोर बसून आम्ही तिघं तो खेळलो: मी, माझा धाकटा भाऊ आणि वणीहून सुट्टीत येणारा मावसभाऊ. संवाद सगळे इंग्रजीत. मावसभाऊ मांडीवर शब्दकोश घेऊन बसायचा, भाऊ बटणं दाबायचा, मी गोष्ट मराठीत सांगत जायची. एकेका प्रसंगाला अर्धी दुपार लागे.

पण गोष्ट समजायला शब्दकोशाची फार गरज पडली नाही. मिडगार नावाचं एक शहर आहे. शिन्रा नावाची कंपनी ग्रहाच्या पोटातून ‘माको’ ओढून काढते आणि त्याची वीज करते. तो माको म्हणजे ग्रहाचा जीवच. वरच्या थरावर दिवे झगमगतात आणि खालच्या वस्तीला आकाश दिसत नाही. तिथल्या मातीत काही उगवत नाही. एका पडक्या चर्चमध्ये मात्र फुलं उगवतात, ती एरिथ नावाची मुलगी जपते आणि विकते. जमिनीतून घेता घेता जमीन रिती होते, हे कापसाच्या जिल्ह्यातल्या मुलांना कोणी समजावून सांगावं लागत नाही. आणि बॅरेट नावाचा तो धिप्पाड माणूस, ज्याच्या उजव्या हाताच्या जागी बंदूक बसवलेली आहे, तो कोरेल नावाच्या कोळशाच्या गावचा आहे हे कळलं, तेव्हा मावसभावानं खेळ थांबवायला लावला होता. त्याचे वडील वणीकडच्या कोळसा खाणीत कामाला होते. “आपल्यासारखंच गाव हाय ना बे हे,” एवढंच तो म्हणाला होता.

आता 16 जून 2015 ची सकाळ. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटी उघडतात, त्यामुळे मावसभाऊ अजून आमच्याकडेच होता. माझा दहावीचा निकाल नुकताच लागला होता. अमेरिकेत लॉस एंजेलिसला एका सभागृहात नवे गेम दाखवायचा कार्यक्रम चालू होता; तिथं 15 जूनची संध्याकाळ होती, आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे साडेसहा वाजून गेले होते. दादाच्या घरी इंटरनेट अडखळत चालत होतं आणि चित्र मधेच गोठत होतं. मिडगारच्या गल्ल्या दिसल्या. पडद्यामागचा आवाज पुनर्भेटीबद्दल बोलत होता. मग पाठमोरा चालणारा बॅरेट दिसला, आणि त्याच्याबरोबर पाठीवर ती भलीमोठी तलवार घेतलेला नायक. चेहरा दाखवलाच नाही. शेवटी एक शब्द आला, ‘रीमेक’. त्या सभागृहातला गलका यवतमाळात आम्हाला ऐकू आला, आणि आमचा गलका ऐकून बाबा दाराशी आले.

“सकायी सकायी काय पाहून राहिले रे?”

“बाबा, क्लाउड येऊन राहिला!” भाऊ ओरडला.

क्लाउड हे त्या नायकाचं नाव. बाबांना त्यातला फक्त ढग कळला. मृग लागून आठवडा झाला होता. शेतं वखरून तयार होती आणि बियाण्याच्या थैल्या घरोघरी भिंतीला टेकून होत्या. बाबांनी खरोखरच आकाशाकडे पाहिलं. मग आम्ही त्यांना सगळं सांगितलं: अठरा वर्षांपूर्वीचा गेम, तो नव्यानं घडतो आहे, कधी येणार ते माहीत नाही, कसा असेल ते माहीत नाही. आम्ही तिघं एकदमच बोलत होतो, ‘असं होईल’ आणि ‘तसं होईल’. बाबांनी ऐकून घेतलं, घरी जाऊन कपाट उघडलं आणि लाल वही माझ्या हातात दिली.

“लिहून ठेवा. तोंडी हिशोबाले काही अर्थ नसते.”

वहीचा स्वभाव त्या सकाळीच ठरला, कारण बाबांनी तिला पेढीचे नियम लावून दिले. देशी वहीत डावीकडे जमा असते आणि उजवीकडे नावे. आमच्या वहीत डावीकडे तेवढंच लिहायचं जे गेम करणाऱ्यांनी स्वतः सांगितलं किंवा दाखवलं. उजवीकडे आमचे अंदाज, ज्याचा त्याच्या नावावर, तारखेसह. खोडायचं नाही. चूक झाली तर एक आडवी रेघ, खालचं वाचता येईल अशी, आणि शेजारी दुरुस्ती. अंदाज खरा ठरला तर त्यावर ‘वसूल’ लिहून तो डावीकडे घ्यायचा. पान भरलं की तळाला ‘शिल्लक पुढे ओढली’ असं लिहून उरलेले अंदाज पुढच्या पानावर न्यायचे.

पहिल्या पानाची डावी बाजू पाच ओळींत संपली. दोन माणसं, पाठमोरी. शहर तेच. नाव तेच. करणारे टेत्सुया नोमुरा आणि योशिनोरी कितासे. आधी प्लेस्टेशन 4 वर. उजवी बाजू मात्र पान उलटून मागे गेली. क्लाउडचा चेहरा लपवला म्हणजे तो बदलला असणार. लढाई पूर्वीसारखी आळीपाळीनं होईल की अंगावर धावून? तीन सीडींची गोष्ट एका तबकडीत मावेल का? मावसभावाची नोंद: ‘कोरेल नीट दाखवतील. घाई करणार नाहीत.’ आणि माझ्या भावाची, तेव्हा अकरा वर्षांच्या हातानं कोरून लिहिलेली: ‘एरिथ या वेळी मरणार नाही.’

ज्यांनी तो जुना गेम खेळला आहे त्यांना या ओळीचं वजन कळेल. पहिल्या सीडीच्या शेवटी एरिथ प्रार्थनेला बसलेली असताना मारली जाते. तुमच्या बरोबर लढणारी, तुम्ही जपून वाढवलेली मुलगी एका क्षणात जाते आणि पुन्हा येत नाही. त्या दुपारी आमच्या खोलीत फक्त कूलरचा आवाज होता. भाऊ जेवला नाही. पुढे दोन दिवस तो मागे जाऊन वेगवेगळ्या वाटा धुंडाळत राहिला, कुठंतरी काहीतरी केलं की ती वाचेल म्हणून. जगभरातल्या मुलांनी हेच केलं होतं. म्हणून नवा गेम येणार म्हटल्यावर प्रत्येकाच्या मनात पहिला प्रश्न हाच होता, आणि आमच्या वहीत तो उजव्या बाजूला लिहिला गेला. वहीनं त्याला हसून पाहिलं नाही. तिनं तो बाकीच्या अंदाजांच्या रांगेत, त्याच मापाच्या ओळीत बसवून घेतला.

हा तिचा सगळ्यात मोठा गुण. ती अंदाज मोठा की छोटा पाहत नाही, शहाणा की भाबडा पाहत नाही. ती फक्त विचारते: कोणाचा? कधीचा? आणि तो कोणत्या बाजूला बसतो?

डिसेंबर 2015 मध्ये दुसरं दर्शन झालं. या वेळी क्लाउडचा चेहरा दिसला, लढाई दिसली, आणि पाठोपाठ कळलं की गोष्ट एका गेममध्ये संपणार नाही, अनेक भागांत येईल. ‘एका तबकडीत मावेल का’ या अंदाजावर पहिली रेघ आणि पहिलं ‘वसूल’ एकाच दिवशी पडलं. त्यानंतर मात्र डावी बाजू कोरी राहू लागली. 2016 गेलं, 2017 गेलं, 2018 गेलं. वर्षाकाठी दोन-चार चित्रं, एखादी मुलाखत. वहीचं खरं वय या काळात वाढलं.

वाट पाहायची कशी, हे या जिल्ह्याला शिकवावं लागत नाही. यवतमाळच्या माणसाला मोठ्या रेल्वेनं कुठं जायचं तर अजूनही डोळ्यांसमोर आधी धामणगावचं स्टेशन येतं. गावातून निघायची ती शकुंतला, मूर्तिजापूरला जाणारी अरुंद रुळांची गाडी, जिला 1994 पर्यंत वाफेचं इंजिन ओढत होतं. वर्ध्याहून यवतमाळ, पुसद करत नांदेडला जाणारा 284 किलोमीटरचा नवा मार्ग मंजूर झाला तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते. कापसाचा भाव, नाफेडची खरेदी, विम्याचे पैसे, पाऊस: इथलं प्रत्येक घर कशाची ना कशाची तारीख धरून बसलेलं असतं. आणि तारीख नसली की अंदाज. या वर्षी मृगाचं वाहन काय, बेडूक की कोल्हा? अक्षय्य तृतीयेला भेंडवळला घटमांडणी होते, दुसऱ्या दिवशी पहाटे घटातलं धान्य पाहून पाऊस-पाण्याचं भाकीत सांगतात, आणि दुपारपर्यंत ते आमच्या पारावर पोचलेलं असतं. लोक त्यावर वाद घालतात, आपापला अनुभव जोडतात, आणि शेवटी आपापल्या हिमतीवर पेरतात.

पण इथला अंदाज फुकटचा नसतो. 2015 ला जूनमध्ये पाऊस आला, लोकांनी पेरलं, आणि पुढे देशभरात तो सरासरीपेक्षा 14 टक्के कमी पडला. अंदाज चुकला की बियाणं जातं, दुबार पेरणीचे पैसे जातात, माणूस आतून खचतो. म्हणूनच मला वाटतं, बाबांना आमची वही आवडली. त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदा घरात असे अंदाज बांधले जात होते जे चुकले तरी कुणाचं काही जात नव्हतं. भाव, पाणी, कर्ज यांचे अंदाज माणूस भीतीनं बांधतो. हे अंदाज आम्ही नुसत्या आवडीनं बांधत होतो. आवडीनं अंदाज बांधण्याची चैन या घराला पहिल्यांदाच मिळाली होती.

2016 च्या मे महिन्यात त्यांनी स्वतः वही मागून घेतली. आमच्या पानाखाली रेघ मारून त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलं: ‘पाणी. मृग कोरडा. आर्द्रेत लागेल.’ आणि खाली सही. त्या वर्षापासून वहीत दुसरं खातं उघडलं. आईनं तिसरं उघडलं. तिचं माहेर वर्धा जिल्ह्यातलं. तिनं लिहिलं: ‘रेल्वे. माझे केस पांढरे व्हायच्या आत वर्ध्याहून गाडी इकडे येईल.’ वहीनं आईचीही नोंद उजवीकडे, नावे टाकून घेतली.

गेमच्या खात्यात एक बाब मात्र आम्ही कधी लिहिली नव्हती, ती बाबांनी एका रात्री मांडून दाखवली. प्लेस्टेशन 4 भारतात आलं ते 39,990 रुपयांना. 2015-16 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता क्विंटलला 4,100 रुपये. म्हणजे एक प्लेस्टेशन पावणेदहा क्विंटल कापसाचं. कोरडवाहू रानात एकरी चार-पाच क्विंटल धरा, तर दोन-अडीच एकरांचं सगळं पीक, खर्च वजा न करता. बाबांनी तो आकडा रागानं सांगितला नाही. कागद आमच्यापुढे सरकवला आणि गप्प बसले. आम्हाला कळलं की गेम आला तरी तो आमच्या घरी येणार नाही.

त्या रात्री मला वाटलं होतं की आता ही वही बंद होईल. पण झालं उलट. दुसऱ्या दिवशी मावसभावाचा वणीहून फोन आला आणि त्यानं तीन नवे अंदाज लिहून घ्यायला सांगितले. मग मला हळूहळू उमगलं ते असं. गेम विकत घ्यावा लागतो, वाट विकत घ्यावी लागत नाही. तोक्योतल्या मुलाला जी पाठमोरी आकृती दिसली तीच, त्याच क्षणी, आम्हाला दिसली. त्याच्याजवळ जेवढी माहिती तेवढीच आमच्या डाव्या बाजूला. त्याला जेवढा तर्क करायचा अधिकार तेवढाच आम्हाला. आमच्यापर्यंत प्रत्येक गोष्ट जुनी होऊन, दुसऱ्याच्या हातून, उशिरा येत आली. पहिल्यांदाच आम्ही एखाद्या गोष्टीच्या जन्माआधीपासून तिच्याबरोबर होतो. ज्या दिवशी गेम दुकानात येईल त्या दिवशी आमच्यात आणि त्याच्यात पावणेदहा क्विंटलचं अंतर पडणार होतं. त्याच्या आधीची सगळी वर्षं बरोबरीची होती.

2019 च्या मे-जूनमध्ये डावी बाजू अचानक वाहू लागली. तारीख जाहीर झाली: 3 मार्च 2020. पहिला भाग फक्त मिडगारचा. वहीत तारीख लाल शाईनं लिहिली. 2020 ची संक्रांत तोंडावर आली असताना बातमी आली की तारीख पुढे गेली, 10 एप्रिल. आडवी रेघ, शेजारी नवी तारीख. आणि मार्चच्या शेवटी सगळा देशच बंद झाला. रस्ते रिकामे, बाजार समिती बंद, कापूस घरात पडून. 10 एप्रिलला गेम आला. पाच वर्षं ज्या दिवसाची वाट पाहिली तो दिवस आम्ही घराच्या चार भिंतींत, भावाच्या मोबाइलच्या पडद्यावर पाहिला. परदेशातला कोणी अनोळखी माणूस खेळत होता, आम्ही त्याच्या खांद्यावरून पाहावं तसं पाहत होतो. वही मांडीवर उघडी होती.

त्या गेममध्ये करणाऱ्यांनी एक विलक्षण गोष्ट घातली होती. राखाडी झग्यातली भुतं. जुन्या गेममध्ये जसं घडलं तसंच घडावं म्हणून ती राखण करतात. कथा जुन्या रुळावरून जराशी सरकली की ती धावून येतात आणि तिला पुन्हा रुळावर आणतात. आणि शेवटी नायक त्यांच्याशीच लढतात. म्हणजे पुढे काय होणार ते जुना गेम खेळलेल्यांनाही आता ठाऊक नाही. भाऊ सोळा वर्षांचा झाला होता. त्यानं मोबाइल बाजूला ठेवला, वहीचं पहिलं पान काढलं आणि आपल्याच कोरीव अक्षरावर बोट ठेवलं. “ताई, हे अजून खोटं नाही झालं.” त्यानं त्यावर रेघ मारली नाही, ‘वसूल’ही लिहिलं नाही. त्या दिवशीच्या पानाखाली मी लिहिलं: शिल्लक पुढे ओढली.

काही पानं वहीत अशी आहेत जिथं ती हळवी होते. एक पान 27 मे 2021 चं. ‘ड्रॅगन क्वेस्ट’ या गेमला त्या दिवशी 35 वर्षं झाली आणि बारावा भाग जाहीर झाला. दाखवलं काहीच नाही, फक्त ज्वाळांमध्ये उमटणारं नाव. डाव्या बाजूला तीन माणसं लिहिली, कारण 1986 च्या पहिल्या भागापासून तीच तिघं एकत्र होती: गोष्ट रचणारे युजी होरी, संगीत देणारे कोइची सुगियामा आणि माणसं-राक्षस चितारणारे अकिरा तोरियामा. तोरियामांचा हात आम्हाला ‘ड्रॅगन बॉल झी’मुळे लहानपणापासून ओळखीचा होता. शाळेतून आल्यावर दप्तर फेकून टीव्हीसमोर बसायचो, तोच तो हात. त्याच वर्षी 30 सप्टेंबरला सुगियामा गेले. नावापुढे मी तारीख लिहिली. त्या पानाची उजवी बाजू जवळजवळ कोरी आहे. काही वाट पाहण्यात तर्क करवत नाही, नुसतं सोबत बसायचं असतं.

आणि एक जोडपान आहे जे मी कुणी पाहुणा आला की उघडून दाखवते. 2024 चं. 28 फेब्रुवारीला पंतप्रधान यवतमाळला आले आणि वर्धा ते कळंब ही रेल्वे सुरू झाली. आईनं स्वतःच्या खात्यात, स्वतःच्या हातानं लिहिलं: ‘चिंतामणीच्या कळंबपर्यंत आली.’ केस तोवर बरेच पांढरे झाले होते. तिनं ‘वसूल’ लिहिलं नाही, ‘अर्धी वसुली’ लिहिलं, आणि यवतमाळपर्यंतचा रस्ता उजवीकडे पुढे ओढला.

दुसऱ्या दिवशी, 29 फेब्रुवारीला, गेमचा दुसरा भाग आला, ‘रीबर्थ’. मावसभाऊ आता पुण्यात नोकरीला होता आणि त्यानं प्लेस्टेशन 5 घेतलं होतं. पुढचे दोन आठवडे आम्ही रोज रात्री व्हिडिओ कॉलवर एकत्र होतो. त्यानं मोबाइल पडद्यासमोर टेकवून ठेवलेला, इकडे आम्ही दोघं, आणि वणीहून त्याचे वडील. खाणीतून निवृत्त झालेले काका. कोरेलचा भाग आला. बॅरेट सांगू लागला: पिढ्यान् पिढ्या कोळशावर जगलेलं गाव, माकोची वीज येणार म्हणून आपणच सगळ्यांना तयार केलं, मित्र नको म्हणत होता, आणि मग कंपनीच्या माणसांनी गाव जाळलं. घाई केली नव्हती. प्रत्येक माणसाला त्याचा वेळ दिला होता. काका इंग्रजी न कळता शेवटपर्यंत बसले. संपल्यावर म्हणाले, “त्या माणसाचा चेहरा खरा हाय.” मावसभाऊ बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “ताई, माझं लिहून टाक.” मी नऊ वर्षांपूर्वीची ती ओळ काढली, ‘कोरेल नीट दाखवतील’, आणि तिच्यावर मोठ्या अक्षरात ‘वसूल’ लिहिलं.

त्याच जोडपानावर तिसरी नोंद आहे. बातमी 8 मार्चला आली, पण तारीख 1 मार्चची: अकिरा तोरियामा गेले. ज्वाळांतल्या त्या नावाखालच्या तिघांपैकी आता एक उरले. लागोपाठच्या तीन दिवसांत एक गाडी आली, एक गेम आला आणि एक माणूस गेला. तिन्ही वहीनं एकाच मापाच्या ओळीत बसवून घेतले.

एरिथचं काय झालं? दुसरा भाग नेमका त्या प्रार्थनेच्या जागेपाशी येऊन थांबतो. घाव पडतो की परतवला जातो, क्लाउडला दिसते ती एरिथ कोणती, हे करणाऱ्यांनी उघडं ठेवलं आहे. भावानं ते दृश्य चार वेळा पाहिलं. तो आता वीस वर्षांचा, मिशा फुटलेला. मला वाटलं, तो निदान आता रेघ मारील. त्यानं वही घेतली आणि 2015 ची ती ओळ नव्या पानावर उतरवली, अक्षर तेवढं बदललेलं: ‘एरिथ मरणार नाही.’ बाबा बाजूला बसून पाहत होते.

“काहून रे, नऊ वर्षं झाली. अजून तेच?”

“हो बाबा. तुम्ही नाही का दरवर्षी मृगात पाणी लिहीत?”

बाबांनी उत्तर दिलं नाही. मृग कोरडा जाईल असं लिहिण्याचं धैर्य त्यांना फक्त पहिल्या वर्षी झालं होतं. त्यानंतरच्या प्रत्येक मे महिन्यात त्यांच्या खात्यावर एकच ओळ आहे: ‘मृगात लागेल.’ अनेकदा रेघ पडली. दरवर्षी त्यांनी ती पुन्हा लिहिली. दिवाणजीला आकडे कळत नाहीत असं कोण म्हणेल? अनुभव काय सांगतो हे ते जाणून होते, आणि काय घडावं हेही जाणून होते. एका बाजूला खरं लिहायचं आणि दुसऱ्या बाजूला हवं ते लिहायचं, दोन्हींमध्ये रेघ सरळ ठेवायची, आणि दोन्ही रोज उघडून पाहायचं, एवढंच त्यांनी वहीला त्या पहिल्या सकाळी शिकवलं होतं. तिनं ते आम्हाला शिकवलं.

गोष्ट तीन भागांत पुरी होणार हे 2022 च्या जूनमध्येच सांगितलं गेलं. त्या तिसऱ्या भागासाठी मी शेवटची चौदा पानं राखून ठेवली आहेत. कापड कडेला उसवलं आहे, आईनं ते दोनदा शिवलं. सरकीचा वास आता फक्त मधल्या पानांत उरला आहे.

त्या मार्चच्या रात्री भावाची ओळ सुकल्यावर बाबांनी चष्मा लावला, पट्टी घेतली आणि जोडपानाच्या तळाला रेघ ओढली. मावसभावाचे दोन अंदाज, माझे पाच, आईचा यवतमाळपर्यंतचा रूळ, त्यांचं स्वतःचं पाणी आणि भावाची एरिथ, सगळं त्यांनी एकेक करून मोजलं, एकही न वगळता. मग खाली लिहिलं, शिल्लक पुढे ओढली, आणि वहीला दोरी बांधून तिला सातबाऱ्याशेजारी ठेवून दिलं.